पहिल्या धारेचा घोट

परत येताना गाडी मी चालवायची, हे आमचं निघायच्या आधीच ठरलं होतं. हे वाइन चाखणार, म्हणून जाताना ते आणि येताना मी. गाडी शिकून मला चार-पाच वर्षं झाली होती, पण यवतमाळच्या बाहेर ती मी कधी नेली नव्हती. घर ते शाळा, शाळा ते भाजीबाजार, एवढाच माझा रस्ता. हायवेवरचे ट्रक डोळ्यांसमोर येऊन आदल्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्या दिवसाची भीती तेवढीच असेल, असं मी धरून चालले होते.

यांना वाइनचं वेड लागलं ते नाशिककडच्या एका लग्नाला जाऊन आल्यावर. तिथे भाच्याने यांना एका वायनरीत नेलं होतं. तेव्हापासून ते पोस्टातल्या नोकरीवरून घरी आले की मोबाईलवर तेच पाहत बसायचे. द्राक्षं कशी चिरडतात, किती दिवस आंबवतात, बरणीचं तोंड कसं बांधतात. मग एक दिवस आमच्या स्वयंपाकघरात सिलेंडरच्या मागे जांभळाची बरणी आली आणि बुडबुडे सोडू लागली. मी ती तिथेच राहू दिली. मुलगी शिकायला नागपूरला गेल्यापासून घर फार गप्प झालं होतं. त्यांना काहीतरी नाद लागला, हे मला बरंच वाटत होतं.

पण दारू या गोष्टीची मला लहानपणापासून धास्ती आहे. माझं माहेर फुलसावंगीच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरचं. माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, कुठेतरी बाहेरगावी लग्नात पिऊन आले होते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते ओट्यावर बसले होते आणि माझ्या याडीला, म्हणजे आईला, म्हणाले, वहिनी, दिवा लाव ना. ऊन इतकं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता. याडी हातातली परात तशीच टाकून त्यांच्याकडे धावली. काका जगले, पण त्यांना पुन्हा दिसलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यांना वावरापर्यंत हाताला धरून न्यायचं काम माझ्याकडे होतं.

यांना हे सगळं माहीत होतं. म्हणून त्यांनी मला नीट समजावलं. वाइन नुसती आंबवतात, ती भट्टीवर गाळत नाहीत. विषारी प्रकार होतो तो गाळलेल्या दारूत, त्यातही कोणी काही मिसळलं तर. आपण जाऊ तिथे परवाना घेऊन काम करणारी माणसं आहेत. "एक दिवस आपण दोघंच जाऊ," ते म्हणाले. "किती वर्षं झाली, कुठं गेलोच नाई." त्या वाक्यापुढे माझं काही चाललं नाही.

तीन ठिकाणं ठरली. पांढरकवड्याच्या अलीकडे एकाने ओलिताच्या दोन एकरात द्राक्षं लावली होती. मुकुटबनकडे एक जण जांभूळ आणि बोरांची वाइन करायचा, त्याने जेवणाचंही कबूल केलं होतं. आणि झरी जामणीत पार आत, एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, बचत गटाच्या बायका मोहफुलांची वाइन करायच्या. होळी होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला, शेतांमध्ये कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि सकाळच्या वेळी तरी हवा सुखाची होती. पोहे खाऊन आम्ही निघालो. मी डब्यात फक्त चिवडा घेतला. जेवण मुकुटबनला होणारच होतं.

पहिल्या ठिकाणी पत्र्याचं शेड होतं, स्टीलच्या टाक्या होत्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. मालकाने काचेचे ग्लास धुऊन पुसून समोर ठेवले. पहिली ओतताना त्याने विचारलं, कोणत्या गावचे. यांनी महागाव तालुक्यातलं गाव सांगितलं, तर तो म्हणाला, तुमच्या मोठ्या भावाला मी ओळखतो, बियाण्याच्या दुकानात नेहमी भेट होते. माझ्या हातातला ग्लास जिथल्या तिथे राहिला. माझ्या सासरी अजून मला लग्नाच्या वेळचे शब्द ऐकावे लागतात, तांड्यावरची केली म्हणून. सून ग्लास घेऊन बसली होती, हे त्या घरी पोचलं असतं तर काय झालं असतं, ते मी मनातल्या मनात पूर्ण ऐकून घेतलं. ग्लास खाली ठेवला आणि सांगितलं की मला गाडी चालवायची आहे. मालकाला काही वाटलं नाही. हे मात्र एकेक घोट तोंडात फिरवत त्याच्याशी बोलत राहिले. निघेपर्यंत ते इतके खुश होते की मीही माझी भीती गिळली.

मुकुटबनच्या दिशेने वळलो तसे कोळशाचे ट्रक सुरू झाले. घोटाघोटानेच घेतली आहे म्हणून गाडी अजून हेच चालवत होते. मी प्रत्येक ट्रकच्या वेळी पाय दाबत होते, जसा काही ब्रेक माझ्याच पायाखाली आहे. हे हसत होते. यांना शुगर आहे. जेवणाच्या अर्धा तास आधी त्यांना एक गोळी घ्यावी लागते. जेवायचं ठिकाण जवळ आलं म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेऊन गोळी घेतली, आणि थोड्या वेळाने आम्ही त्या जांभूळवाल्याच्या फाटकापाशी पोचलो. फाटकाला कुलूप होतं. फोन लावला तर तो दुसऱ्याच कोणी उचलला. घरात मयत झाली होती, सगळे चंद्रपूरला गेले होते. त्या माणसाला आपण काय म्हणणार? आम्ही दोन शब्द बोललो आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, गावात जाऊन काहीतरी खाऊ. हे म्हणाले, त्या बायका वाट पाहत असतील, तिथेच काही मिळेल. सकाळची वाइन पोटात होती आणि भूक लागलेली त्यांना कळत नव्हती. गोळी घेतली आहे, हे त्यांच्याही ध्यानातून गेलं आणि माझ्याही. चिवड्याचे दोन-चार घास तेवढे त्यांनी गाडीतच तोंडात टाकले.

पुढचा रस्ता जंगलातून होता. डांबर मध्येच संपायचं, मग मुरूम, मग पुन्हा डांबर. वनखात्याची पाटी होती, वाघाचा वावर आहे, एकट्याने जाऊ नये. पोडावर पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. गटाची अध्यक्ष बाई पस्तिशीची असेल, बारीक अंगाची, बोलण्यात नेमकी. तिने आम्हाला समाजमंदिरात बसवलं. तिथेच त्यांचं काम चालायचं. मोठे ड्रम, गाळण्या, बाटल्या, सगळं धुतलेलं. तिने सांगितलं की मोह वेचायला आता कोणी एकटं जात नाही. सगळ्या मिळून जातात, दोघी वेचतात आणि दोघी नुसत्या पाहत उभ्या राहतात. मागच्या वर्षी एका बाईच्या इतक्या जवळून वाघ गेला होता की ती दोन दिवस बोललीच नाही.

त्यांनी मोहाचे लाडू समोर ठेवले. मी दोन खाल्ले. यांनी शुगर आहे म्हणून हात लावला नाही. ते वाइन चाखत होते आणि प्रश्न विचारत होते. मी पण थेंबभर जिभेवर घेतली. मोहाचा तो जड गोड वास नाकात गेला आणि मला आमच्या ओट्याची आठवण आली, म्हणून मी उठून बाहेर आले आणि तिथल्या बायकांशी बोलत बसले.

मी बाहेर होते तेव्हाच ते झालं. अध्यक्ष बाईचे सासरे समाजमंदिराच्या मागे बसले होते. यांना त्यांनी खुणेने बोलावलं. हे गेले. तिथे त्यांची घरची, देवाला चढवायची दारू होती, भट्टीवर गाळलेली. म्हाताऱ्याने वाटीत थोडी ओतून दिली आणि यांनी घेतली. मी त्यांना शोधत तिकडे गेले तेव्हा वाटी रिकामी होती.

"पहिल्या धारेची आहे," हे मला म्हणाले. "घोटभर घेतली. पाहुण्यानं नाई म्हणू नये ना."

तेवढ्यात ती बाई आली आणि वाटी पाहून सासऱ्यांवर तिच्या भाषेत चिडली. म्हातारा नुसता हसत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. आला-गेला माणूस खुश व्हावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

समाजमंदिरात परत येऊन निघायची तयारी केली तेव्हा हे उभे राहिले आणि पुन्हा बसले. कपाळावर घामाचे थेंब होते. ऊन आहे म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्यांनी पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे केला आणि हात ग्लासाच्या बाजूने गेला. दुसऱ्यांदाही तसंच. मी ग्लास त्यांच्या हातात दिला तर हात थरथरत होता.

"काय होतंय?" मी विचारलं.

"धुकं दिसून राह्यलं," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. मग त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या वरून मागे कुठेतरी पाहिलं आणि विचारलं, "लाइन गेली काय? इतका अंधार काहून केला?"

दारातून ऊन सरळ त्यांच्या पायावर पडलं होतं.

त्यापुढच्या काही क्षणांचं मला नीट आठवत नाही. मी ओरडले नाही, एवढं नक्की. माझ्या कानात नुसता एक आवाज भरला होता आणि त्या आवाजातून ती बाई काहीतरी सांगत होती. ती म्हणत होती, ताई, गाडीची चाबी कुठं आहे. दोन बायकांनी यांना धरून मागच्या सीटवर बसवलं. ती बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचं डोकं तिने स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मुकुटबनला एक डॉक्टर बसतात, मी रस्ता सांगते, तुम्ही चालवा, असं ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली. पहिल्याच चढाला ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. माझा डावा पाय क्लचवर नाचत होता, मला तो थांबवताच येत नव्हता. मागून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, घाबरू नका म्हणत नाई मी. पण पाय हळू उचला." मी हळू उचलला आणि गाडी निघाली.

जंगलातला तो रस्ता येताना छोटा वाटला होता. जाताना तो संपेना. मी आरशात पाहत होते. यांचे डोळे अर्धे उघडे होते. मध्येच ते बडबडायचे, मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे, गाडी थांबव म्हणून चिडायचे. हा माणूस माझ्यावर असा कधी चिडला नव्हता. मला वाटत होतं, काकांनाही असंच झालं होतं का? आम्ही लहान होतो, आम्हाला फक्त दिव्याचं वाक्य माहीत. त्याआधी काय झालं, ते कोणी सांगितलंच नाही. पुढे यांना हाताला धरून पोस्टात कोण नेणार, मुलीला फोनवर काय सांगायचं, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं होतं आणि गाडी अजून जंगलातच होती.

डांबरी रस्त्याला लागलो तर समोरून ट्रकची रांग. मी एका बाजूची चाकं खाली मातीत उतरवून चालवत राहिले. धुळीने समोरचं काही दिसत नव्हतं. मी थांबले नाही. सकाळी ज्या ट्रकांना घाबरत होते त्यांना जवळजवळ घासून गाडी नेत होते.

मग ती बाई बोलली. तिचा आवाज कापत होता, आणि तेव्हा मला कळलं की तीही माझ्याइतकीच घाबरली आहे. तिच्या गटात कोणकोण बायका आहेत, कशा तयार झाल्या, परवान्यासाठी किती खेपा घातल्या, हे सगळं तिने आम्हाला तासाभरापूर्वीच हौसेने सांगितलं होतं. आता ती एवढंच म्हणाली, "आमची बाटली बंद होईन. पोलीस येतीन. बुढ्याले घेऊन जातीन." माझ्याजवळ तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला तिचा रागही येत होता, आणि ती सोबत नसती तर मी कुठे गेले असते, हेही कळत होतं.

दवाखाना छोटा होता. डॉक्टर तरुण होते. यांना बाकावर निजवलं आणि त्यांनी विचारलं, काय घेतलं आहे. मी वाइन म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघेना. तो उच्चारला की खरं होणार, असं काहीतरी मला वाटत होतं.

ती बाई पुढे झाली.

"माह्या सासऱ्यानं देल्ली," ती म्हणाली. "गाळलेली. पहिल्या धारेची. घरी काढलेली आहे, त्यात काही टाकलं नाई. पण देल्ली."

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग यांच्या बोटाला सुई टोचून त्या छोट्या मशीनवर थेंब घेतला. आकडा पाहिला आणि मला विचारलं, यांना शुगर आहे का, गोळी कधी घेतली, जेवले काय. मी सांगत गेले तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. साखर पार खाली गेली होती. गोळी पोटात, जेवण नाही, त्यावर सकाळपासून दारू. त्यांनी नर्सला हाक मारली आणि शिरेतून ग्लुकोज सुरू केलं.

बाटली थोडी रिकामी झाली असेल, तेवढ्यात यांनी डोळे नीट उघडले. छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यामागे नाही, माझ्याकडे. "तू रडून काहून राह्यली?" त्यांनी विचारलं. मी रडते आहे, हे मला तेव्हा कळलं. ती बाई भिंतीला पाठ लावून तिथेच खाली बसली आणि तिने पदरात तोंड घातलं.

मला वाटलं, झालं, संपलं. पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आता जे झालं ते साखरेमुळे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्या गाळलेल्या दारूत काही वाईट असतं तरी ते इतक्या लवकर डोळ्यांवर आलं नसतं. यायचं असेल तर ते रात्री येतं, उद्या सकाळी येतं. तसं होईल असं त्यांना वाटत नव्हतं. घरची मोहाची दारू इथे पिढ्यान्‌पिढ्या पितात. पण खात्री मी देऊ शकत नाही, ते म्हणाले. डोकं दुखलं, श्वास वाढला, नजर अंधुक झाली, तर एक मिनिट घालवू नका. तुम्ही यवतमाळलाच राहता ते बरं आहे, मोठा दवाखाना जवळ आहे. भरपूर खाऊ घाला आणि लक्ष ठेवा.

दोन तास तिथे ठेवून त्यांनी आम्हाला सोडलं. त्या बाईला न्यायला पोडावरून एक जण मोटरसायकल घेऊन आला होता. निघताना तिने माझा फोन नंबर घेतला. मी तिला डॉक्टरांचं दुसरं बोलणं सांगितलं नव्हतं, पण तिने ते आतून ऐकलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नव्हती.

यवतमाळपर्यंतचा रस्ता मी त्यांच्याकडून पाट्या वाचून घेत कापला. हे शेजारी बसले होते, मांडीवर केळी आणि बिस्किटं. मी म्हणायचे, ती पाटी वाचा. ते वाचायचे. गावाचं नाव, पेट्रोल पंप, भिंतीवरची कपाशीच्या बियाण्याची जाहिरात, धाब्यावर काय मिळतं ते. थोड्या वेळाने ते वैतागले. "मी काय शाळेत हाओ काय?" मग मी त्यांना डॉक्टरांनी बाहेर काय सांगितलं ते सांगितलं. त्यानंतर मला सांगावं लागलं नाही. पाटी आली की ते स्वतःच मोठ्याने वाचू लागले, पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलंसुद्धा.

पांढरकवडा मागे पडलं. दोन्ही बाजूंना शेतं. एक मोठी हिरवी पाटी आली आणि ते काही बोलले नाहीत.

"वाचा ना," मी म्हणाले.

"दिसून नाई राह्यलं."

मी गाडी कशीबशी कडेला घेतली. त्यांच्याकडे वळले तर त्यांचा चेहरा मला धड दिसेना. ते माझ्याकडे पाहत होते की नाही, तेही कळेना. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मागून एक बस आली, तिच्या उजेडात गाडीतलं सगळं उजळलं, आणि ती गेल्यावर पुन्हा सगळं विझलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवस बुडून गेला होता आणि मी दिवे लावलेच नव्हते. त्या पाटीवरचं मलाही दिसत नव्हतं.

मी दिवे लावले. पाटीवरची अक्षरं चमकली. "यवतमाळ," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. इतका वेळ ते वैतागत होते, वाचत होते. पण किती घाबरले आहेत, ते मला तिथे कळलं. ते म्हणाले, "मले वाटलं, गेलेच डोळे." मी त्यांचा हात धरला. माझ्या हातापेक्षा तो गार होता.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. घरातला एकही दिवा आम्ही विझवला नाही. झुंजुमुंजू झालं तसं ते उठून खिडकीपाशी गेले आणि समोरच्या घरावर काय काय दिसतं ते मला सांगायला लागले. पाण्याची टाकी, वाळत घातलेली चादर, टाकीवरचा कावळा. चादर कोणत्या रंगाची आहे, असं मी विचारलं. त्यांनी बरोबर सांगितला.

सकाळीच तिचा फोन आला. मी उचलला, तर आधी नुसता श्वास ऐकू आला.

"पाहून राह्यले काय?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं आणि फोन यांच्याकडे दिला. ते तिच्याशी बोलले. चूक माझीच होती, गोळी घेऊन जेवलो नाही, तुमच्या मालाचा काही दोष नाही, असं त्यांनी तिला परत परत सांगितलं. तिने मग सांगितलं की रात्रभर तीही जागी होती आणि सासरे दाराशी बसून होते. आमची गाडी गेल्यापासून म्हाताऱ्याने ना जेवण घेतलं होतं ना एक शब्द काढला होता.

त्यांचं काम बंद झालं नाही. आता मोहाची फुलं पुन्हा पडायला लागली आहेत. परवा तिचा फोन आला होता, या वर्षी माल चांगला उतरेल म्हणत होती. वाघाचंही सांगितलं, नाल्याच्या पलीकडे पाय उमटले आहेत म्हणून यंदा त्या अजून जास्त जणी मिळून जातात. हे म्हणतात, एकदा जाऊन येऊ, जेवण घेऊन जाऊ सोबत. मी अजून हो म्हटलेलं नाही. सिलेंडरमागची बरणी त्यांनीच रिकामी करून धुऊन ठेवली. मी सांगितलं नव्हतं.

दुपारी सुट्टीच्या दिवशी ते झोपतात. जाग आल्यावर ते लगेच डोळे उघडत नाहीत, थोडा वेळ तसेच पडून असतात. ती त्यांची जुनीच सवय आहे, लग्न झालं तेव्हापासूनची. पूर्वी माझं तिकडे लक्षही नसायचं. आता मी हातातलं काम सोडून दाराशी येऊन उभी राहते, आणि त्यांनी डोळे उघडून मला काहीतरी विचारेपर्यंत तिथून हलत नाही.